ब्रिटिश रेल्वेवरचे म्हातारे लोको अजून कामावर कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेले डिझेल लोको, सत्तरीच्या आसपासचे शंटर (यार्डात डबे हलवणारे लहान लोको) आणि शंभरी गाठलेले वाफेचे लोको ब्रिटनमध्ये आजही भाड्याने जातात, काम करतात, बिघडतात आणि दुरुस्त होतात. त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. या पानावर ‘लोको’ म्हणजे रुळांवर धावणारं पूर्ण वाहन ‘इंजिन’ म्हणजे त्याच्या पोटातलं डिझेल यंत्र आणि ‘क्लास’ म्हणजे एकाच नमुन्यावर बांधलेल्या लोकोंची जात.

१. साठ वर्षांचे लोको खरंच मुख्य मार्गावर धावतात, की ही नुसती प्रदर्शनाची हौस?

खरंच धावतात, आणि पगारी कामावर. सर्वात ठळक उदाहरण क्लास ३७ चं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९६० ते १९६५ या काळात असे ३०९ लोको बांधले. सहा धुऱ्या, १२ सिलिंडरचं व्ही रचनेचं इंजिन आणि १,७५० अश्वशक्ती. बांधकामानंतर सहा दशकं उलटल्यावरही त्यातले काही रूळ तपासणाऱ्या गाड्या ओढत होते.

क्लास ४७ त्याच पिढीचा: १९६२ ते १९६८ मध्ये ५१२ लोको आणि सुल्झर इंजिन. क्लास २० त्याहून लहान, १,००० अश्वशक्तीचा. यार्डात डबे ढकलणारा क्लास ०८ तर १९५२ पासूनचा. ३५० अश्वशक्तीचे असे ९९६ शंटर बांधले गेले, आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या कुठल्याच जातीचे इतके लोको बनले नाहीत.

२. ३७४०३ किंवा ४७७४६ असा आकडा कसा वाचायचा?

पहिले दोन अंक म्हणजे क्लास, उरलेले तीन म्हणजे त्या क्लासातला उपगट आणि अनुक्रमांक. ३७४०३ हा क्लास ३७ च्या ३७/४ या उपगटातला लोको. ही पद्धत १९७० च्या दशकात संगणकाच्या सोयीसाठी आली. त्यापूर्वी याच लोकोंना ‘डी’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक होते, उदाहरणार्थ डी६७००. मोठा फेरबदल झाला की आकडाही बदलतो. त्यामुळे एकाच लोकोचे तीन-चार क्रमांक सापडले तर गोंधळून जाऊ नका.

३. नवे लोको बाजारात असताना जुने का ठेवतात? प्रेमापोटी?

प्रेम करणारे खूप आहेत, पण प्रेमावर डिझेल भरता येत नाही. खरं कारण कामाच्या स्वरूपात आहे. नव्या लोकोसाठी काढलेलं कर्ज फेडायचं तर त्याने रोज लांबवर धावलं पाहिजे. ज्या कामात लोको आठवड्यातून दोन रात्री निघतो किंवा वर्षातून फक्त दहा-बारा आठवडे लागतो, तिथे नव्याचा हप्ता परवडत नाही. जुन्याची किंमत कधीच वसूल झालेली असते. त्याला उभं ठेवणं स्वस्त पडतं, चालवणं महाग. म्हणून कमी धावायचं असेल तिथे जुना लोको जिंकतो आणि रोज हजार मैल धावायचे असतील तिथे हरतो. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी याच हिशेबाशी येऊन थांबतात.

दुसरं कारण वजन. ब्रिटनमध्ये प्रत्येक मार्गाला आणि प्रत्येक वाहनाला ‘रूट अव्हेलेबिलिटी’ नावाचा १ ते १० असा दर्जा असतो. पूल आणि रूळ किती भार सोसतील हे त्यावरून ठरतं. क्लास २० आणि ३७ चा दर्जा ५, क्लास ४७ चा ६, तर आजच्या मालगाड्यांचा मुख्य आधार असलेल्या क्लास ६६ चा ७. स्कॉटलंडच्या डोंगराळ आणि किनारी मार्गांवर ३७ सरळ जातो. जड लोकोला तिथे खास परवानगी लागते, शिवाय पुलांवर वेग कमी करावा लागतो.

तिसरं कारण इंधनाचं. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या अनेक उद्योगांची कमी कराच्या लाल डिझेलची सवलत गेली, रेल्वेची मात्र राहिली. ती गेली असती तर जास्त पिणाऱ्या जुन्या इंजिनांचं गणित बरंच बिघडलं असतं.

४. नेमकी कोणती कामं या लोकोंना मिळतात?

शरद ऋतूत रुळांवर पडलेली पानं चाकांखाली चिरडून काळा, कडक, निसरडा थर बनतो. त्यावर ब्रेक धरत नाहीत. हा थर काढायला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात खास गाड्या निघतात. त्या १,५०० बारपर्यंतच्या दाबाने पाणी मारतात आणि मागे वाळूमिश्रित जेल सोडतात. काम हंगामी, रात्रीचं आणि दोन्ही टोकांना लोको लागणारं, म्हणजे जुन्यांसाठी अगदी जमून आलेलं.

दुसरं काम रूळतपासणीच्या पिवळ्या गाड्यांचं. तिसरं, वीजगाड्यांचे नवे-जुने डबे कारखान्यात किंवा भंगारात पोचवणं. यासाठी काही लोकोंना खाली दुमडता येणारे डेल्नर कपलर (वीजगाड्यांच्या डब्यांना थेट जोडणारे आकडे) बसवले आहेत. एरवी अशा गाडीच्या दोन्ही बाजूंना जोडणीचे वेगळे डबे लावावे लागतात आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातो.

अणुइंधनाच्या फ्लास्क (जाड पोलादी पेट्या) नेणाऱ्या गाड्यांवर ३७ आणि २० नी अनेक वर्षं काम केलं. एका फ्लास्कचं वजन सुमारे ५० टन, आणि गाडी वाटेत बंद पडलेली कुणालाच चालत नाही, म्हणून नेहमी दोन लोको. (या फ्लास्कची ताकद दाखवण्यासाठी १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डॅल्बी इथे ताशी १०० मैलांनी धावणारी गाडी मुद्दाम त्यावर आदळवली होती. पुढे होता क्लास ४६ चा ४६००९. लोको चेपला, फ्लास्क टिकला.) पुढे ही जबाबदारी बऱ्याच अंशी नव्या क्लास ६८ आणि ८८ कडे गेली.

रात्रीच्या शयनयान गाड्यांबद्दल प्रश्न ६ पाहा.

५. मग थोडे नवे डिझेल लोको का बांधून घेतले नाहीत?

धुराचे नियम आड आले. क्लास ६६ हा १९९८ पासून उत्तर अमेरिकेतून येणारा लोको, आत ईएमडी या अमेरिकी कंपनीचं ७१० हे दोन-स्ट्रोक इंजिन. युरोपात उत्सर्जनाची मर्यादा ‘स्टेज ३-बी’ या पायरीवर गेली तेव्हा हे इंजिन तिच्यात बसेना. धूर शुद्ध करणारी यंत्रणा जोडायला जागा आणि वजन लागतं. ब्रिटनचे बोगदे आणि पूल लहान असल्याने लोकोची उंची-रुंदी आधीच आखडलेली, त्यात धुऱ्यांवरच्या भाराची मर्यादा. शेवटचा ६६७७९ हा २०१६ मध्ये सेवेत आला. त्याला ‘इव्हनिंग स्टार’ नाव दिलं, कारण ब्रिटिश रेल्वेने १९६० मध्ये बांधलेल्या शेवटच्या वाफेच्या लोकोचं नाव तेच होतं.

नियमांत एक महत्त्वाची फट आहे: आधीपासून सेवेत असलेल्या लोकोवर नवी मर्यादा मागे जाऊन लागत नाही. त्यातून क्लास ६९ जन्माला आला. १९७६ ते १९८४ मध्ये बांधलेल्या क्लास ५६ चा सांगाडा घ्यायचा आणि त्यात ६६ मधलंच ७१० इंजिन बसवायचं. कागदोपत्री हा नवा लोको नाही, जुन्याचा पुनर्बांध आहे. असे १६ ठरले आणि पहिला २०२१ मध्ये रुळांवर आला. चालकांना जवळपास ओळखीचं यंत्र, गोदामात तेच सुटे भाग. पर्यावरणाच्या दृष्टीने ही पळवाट समाधानकारक नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण चाळीस वर्षांचा चांगला पोलादी सांगाडा वितळवण्यापेक्षा वापरणं यातही शहाणपण आहे.

६. इतके भाग बदलल्यावर मूळ लोको उरतो किती?

क्लासप्रमाणे उत्तर बदलतं. क्लास ५७ म्हणजे ४७ चा सांगाडा आणि आत ईएमडी ६४५ इंजिन. १९९८ ते २००४ मध्ये असे ३३ बनले. लंडन पॅडिंग्टनहून पेन्झन्सला जाणारी ‘नाइट रिव्हिएरा’ त्यांनी वर्षानुवर्षं ओढली आहे.

क्लास ७३ मूळचा १९६२ ते १९६७ मधला. तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट घेऊन १,६०० अश्वशक्ती द्यायचा आणि वीज नसेल तिथे लहान डिझेलवर ६०० अश्वशक्ती. त्यातल्या काहींत एमटीयू या जर्मन कंपनीचं १,६०० अश्वशक्तीचं इंजिन बसवून ७३/९ बनवले. ते ‘कॅलेडोनियन स्लीपर’चे डबे एडिनबराच्या पुढे हायलँड्समध्ये नेऊ लागले, म्हणजे मूळ रचनाकारांनी ज्या दक्षिण इंग्लंडसाठी तो बनवला त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

क्लास ३७ मध्ये मात्र बहुतेक ठिकाणी मूळ जातीचंच इंजिन आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रू गावच्या रेल्वे कारखान्यात अनेकांची पूर्ण उस्तवार (ओव्हरहॉल) झाली आणि इंजिनाने फिरून मोटरींना वीज देणाऱ्या डीसी जनरेटरच्या जागी आल्टर्नेटर आला. ३७/४ उपगटातल्या ३१ लोकोंना डब्यांसाठी वीज पुरवण्याची सोयही मिळाली. म्हणून वय विचारताना बांधणीचं साल पुरेसं नाही. शेवटची मोठी उस्तवार कधी झाली आणि त्यानंतर इंजिन किती तास चाललं, हे विचारा.

७. क्लास ३७ मध्ये सर्वात जास्त काय बिघडतं, आणि का?

पाणी, धूर आणि वीज, याच क्रमाने.

पाणी आधी. सिलिंडरचं हेड तडकतं किंवा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालची रबरी सील कडक होऊन गळते. हेडमधून गळलेलं पाणी सिलिंडरमध्ये साठतं, लायनरखालून गळलेलं तेलाच्या तळटाकीत उतरतं. तेल दुधट दिसलं की समजा, बेअरिंगांचं आयुष्य मोजायला लागलं. थंडीत धोका वाढतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत थंडावा देणाऱ्या पाण्यात गोठणरोधक न घालता फक्त गंजरोधक घालत. त्यामुळे कडाक्याच्या रात्री एक तर इंजिन चालू ठेवायचं, नाही तर पाणी पूर्ण काढायचं. अर्धवट निचरा झालेला एखादा कोपरा गोठला की ओतीव लोखंड फुटतं.

धूर आणि आग. इंजिन तासन्‌तास मंद चाललं की न जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साठतं. मग अचानक पूर्ण जोर दिला की दाट काळा लोट निघतो आणि कधी कधी धुराड्यातून ज्वाळाही. फोटोत हे सुंदर दिसतं, फिटरला नाही. उपाय साधा आहे: लांब थांब्यानंतर जोर पायरीपायरीने वाढवायचा, आणि थंडीचं कारण नसेल तर इंजिन विनाकारण चालू ठेवायचं नाही.

वीज. चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर डीसी आहेत, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर आले. ब्रशची झीज होऊन कार्बनची पूड साठते, तीत ओल शिरते आणि फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगी उडून शॉर्ट सर्किट, होतो. बारीक भुसभुशीत बर्फ थंडाव्याच्या हवेबरोबर मोटरीत खेचला गेला की अर्थ फॉल्ट (वीज सांगाड्यात गळणं) येतो. चढावर फार हळू रखडणंही घातक. क्लास ३७ ताशी १३.६ मैल वेगाला ३५,००० पाउंड-फोर्स इतका खेच सतत देऊ शकतो. त्याखाली विद्युतप्रवाह वाढतो आणि मोटर किती मिनिटं सोसेल याला मर्यादा येते. चालकासमोरच्या अ‍ॅमीटरवर त्या खुणा असतात.

याशिवाय नाकाच्या पत्र्याला आणि बॅटरीच्या कप्प्यांना गंज लागतो, आणि वायरींचं आवरण ठिसूळ होऊन सुटतं. पूर्ण वायरिंग बदलणं हे इंजिन बदलण्यापेक्षाही कंटाळवाणं आणि वेळखाऊ काम आहे.

८. बरेच दिवस उभा असलेला लोको सुरू कसा करतात?

लोकोप्रमाणे तपशील बदलतो, पण इंग्लिश इलेक्ट्रिक इंजिनांचा क्रम साधारण असा.

हातब्रेक आणि चाकांखालचे अडसर आधी पाहायचे. मग तेल, पाणी आणि गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) तेलाची पातळी. यानंतरची पायरी कुणीही गाळू नये: प्रत्येक सिलिंडरचा इंडिकेटर कॉक (छोटी तोटी) उघडायचा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. चार-स्ट्रोक इंजिनाचं चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं, म्हणून एक फेरा पुरत नाही. एखाद्या कॉकमधून पाणी आलं तर तिथेच थांबायचं. पाणी दाबलं जात नाही. तशातच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही तासांच्या दुरुस्तीच्या जागी पूर्ण इंजिन उतरवावं लागतं.

कॉक बंद करून बॅटरीचा मुख्य स्विच लावायचा. ११० व्होल्टच्या बॅटऱ्या जनरेटरलाच मोटरसारखं फिरवून इंजिन घुमवतात. त्या अर्धमेल्या असतील तर आधी चार्जर लावा, वारंवार प्रयत्न करून त्या मारू नका. स्नेहक तेलाचा पंप आधी चालू द्यायचा, मग इंजिन घुमवायचं. सुरू झाल्याबरोबर डोळे तेलाच्या दाबावर. काही सेकंदांत दाब चढला नाही तर लगेच बंद. नंतर ब्रेकसाठी हवा भरू द्यायची आणि पाणी कोमट होईपर्यंत भार टाकायचा नाही.

९. बनवणारी कंपनीच उरली नाही, मग सुटे भाग येतात कुठून?

मोठा वाटा भंगारातल्या भावंडांकडून. दहा लोको विकत घेऊन चार चालवायचे आणि सहांचं इंजिन, बोगी, मोटरी, काचा गोदामात ठेवायच्या, ही रीत जुनी आहे. ज्या क्लासचे लोको शेकड्यांनी बनले तो जास्त टिकतो, याचं हेच मुख्य कारण. क्लास ३७, २०, ५० आणि शंटर ०८ यांची इंजिनं एकाच कंपनीची, आणि पहिल्या तिघांचं कुळही एकच: १० इंच व्यास आणि १२ इंच स्ट्रोकचे सिलिंडर, अनुक्रमे १२, ८ आणि १६. त्यामुळे काही भाग एकमेकांना चालतात. बेअरिंगं, सील, होज लहान कारखान्यांत नव्याने बनवता येतात. ओतीव सिलिंडर हेड आणि क्रँकशाफ्ट ही खरी अडचण, आणि पुढच्या काळात एखादा क्लास थांबला तर बहुधा यांच्यापायीच थांबेल.

१०. कोणतेही दोन जुने लोको जोडून एका चालकाला चालवता येतात का?

नाही. नियंत्रणाच्या जोडणीच्या वेगवेगळ्या जाती आहेत आणि लोकोच्या तोंडावर त्यांची रंगीत खूण असते. क्लास २० आणि ३७ दोघेही निळ्या ताऱ्याचे, म्हणून त्यांची जोडी जमते. क्लास ५० ची खूण नारिंगी चौकोन. क्लास ६६ ची अमेरिकी पद्धत यातल्या कुणाशीच जुळत नाही. जात न जुळल्यास दुसऱ्या लोकोत वेगळा चालक लागतो, किंवा तो नुसता ओढून न्यायचा.

गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक लोको असला की दिशा बदलताना लोको फिरवावा लागत नाही. तपासणीच्या आणि पानं धुणाऱ्या गाड्या म्हणूनच तशा निघतात (प्रश्न ४).

११. मुख्य मार्गावर यायला जुन्या लोकोत कोणती आधुनिक यंत्रं सक्तीची आहेत?

सिग्नलची पूर्वसूचना देणारी एडब्ल्यूएस, लाल सिग्नल ओलांडल्यास किंवा त्याकडे फार वेगाने आल्यास ब्रेक लावणारी टीपीडब्ल्यूएस, जीएसएम-आर रेडिओ आणि प्रवासाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर. ही यादी वाफेच्या लोकोलाही लागू आहे. स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड आणि फार नॉर्थ मार्गांवर रेडिओवरून टोकन (एकेरी मार्गावर शिरायची परवानगी) देण्याची वेगळी पद्धत आहे, तिचं उपकरण जास्तीचं.

यंत्र असणं पुरेसं नाही, ते चालू असावं लागतं. ७ मार्च २०१५ रोजी वूटन बॅसेट जंक्शनला वाफेच्या ३४०६७ ‘टँगमिअर’ची प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून थेट जंक्शनवर जाऊन उभी राहिली. जंक्शनवरून एक वेगवान गाडी एक मिनिटही होण्याआधी निघून गेली होती. लोकोत यंत्रणा होती, पण चालक आणि सहायकाने तिचा परिणाम बंद पाडला होता. जुन्या लोकोंवर अविश्वास निर्माण करायला अशी एक घटना पुरते.

१२. डिजिटल सिग्नलिंग आल्यावर हे सगळे घरी बसणार?

बरेच बसतील. ईटीसीएस या युरोपीय डिजिटल सिग्नल यंत्रणेत रुळांकडेला सिग्नल नसतात, परवानगी चालकाच्या पडद्यावर येते. ती यंत्रणा प्रत्येक लोकोत बसवणं महाग आहे, आणि वर्षाला थोडेच दिवस निघणाऱ्या लोकोवर तो खर्च टाकणं मालकाला जड जातं. प्रश्न ३ मधला हिशेब इथे उलटा फिरतो.

पण अशक्य नाही. वेल्समधल्या कॅम्ब्रियन मार्गासाठी चार क्लास ३७ मध्ये ही यंत्रणा बसवून त्यांना ९७३०१ ते ९७३०४ असे क्रमांक दिले. २००८ मध्ये नव्याने बांधून पूर्ण झालेल्या वाफेच्या ६०१६३ ‘टॉर्नेडो’तही ती बसवली आहे. उष्णता, धूळ, वाफ आणि हादरे यांत संगणक टिकवणं हे तिथलं खरं काम.

१३. एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) या डिझेल गाड्या सुरक्षित होत्या का?

१९७६ पासून धावलेल्या या गाड्यांचे क्लास ४३ लोको ताशी १२५ मैलांचे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांनी डिझेलचा ताशी १४८ मैलांचा जागतिक विक्रम केला, आणि २००५ पासून बहुतेकांत एमटीयू इंजिनं आली. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये कारमाँट इथे पावसाने वाहून आलेल्या दगडगोट्यांवर अशी गाडी घसरली आणि चालक, गार्ड व एक प्रवासी असे तिघे गेले. अपघाताचं कारण गाडीचं वय नव्हतं, सदोष बांधलेला नाला होता. पण तपास अहवालाने हेही नोंदवलं की आधुनिक धडक-मानकांची गाडी असती तर परिणाम कमी गंभीर असण्याची शक्यता अधिक होती. जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी अहवालाचा हा दुसरा भागही तितक्याच गांभीर्याने वाचावा.

१४. विजेवरचे जुने लोको इतके का टिकले नाहीत?

ते तारेखालीच चालतात आणि जुन्या लोकोला मिळणारी फुटकळ कामं बहुधा तारेबाहेर असतात. क्लास ८६ (१९६५-६६, एकूण १००) मालगाड्यांवर २०२१ पर्यंत टिकला. काही ८६ आणि ८७ हंगेरी व बल्गेरियात गेले, कारण तिथेही २५ किलोव्होल्ट वीज आहे. क्लास ९० ला तर ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजदर भडकल्यावर एका मालवाहू कंपनीने तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि तारेखालून डिझेल पळवलं.

१५. आपल्या मुंबईशी यांचं काही नातं आहे का?

आहे, आणि थेट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारे साहिब, सिंध आणि सुलतान हे लोको लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीचे. क्लास ३७ मधले बहुसंख्य लोकोही याच कारखान्यातून बाहेर पडले. १९५० च्या दशकात मध्य रेल्वेच्या डीसी मार्गासाठी आलेले डब्ल्यूसीएम-१ हेही इंग्लिश इलेक्ट्रिक आणि व्हल्कनचंच काम.

१६. यादीत ‘सेवेतून काढला’ असं असूनही तोच लोको गाडी ओढताना दिसतो. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. ‘काढला’ म्हणजे त्या मालकाच्या ताफ्यातून काढला. मग तो संग्राहकाकडे जातो, उस्तवार होते आणि नोंदणी मिळाल्यास परत येतो. क्लास ५० चे ५०००७ आणि ५००४९ असेच संवर्धनातून मुख्य मार्गावर परतले आणि एका मालवाहू कंपनीच्या रंगातही धावले. वाफेच्या लोकोचं चक्र वेगळं. दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून पूर्ण उस्तवार करावी लागते, म्हणून तो कधी कधी अनेक वर्षं दिसतच नाही.

१७. ब्रिटनमध्ये राहतो. यांच्यामागे बसून प्रवास करायचा तर?

वारसा रेल्वेवर डिझेलचे खास दिवस असतात. तिथे वेग सहसा ताशी २५ मैलांपर्यंतच, पण एका दिवसात चार-पाच क्लास अनुभवता येतात. मुख्य मार्गासाठी भाड्याच्या सहली शोधा, आणि वाफ हवी असेल तर फोर्ट विल्यम ते मॅलेग हा ४१ मैलांचा मार्ग. सहलीचं तिकीट काढण्यापूर्वी अटी वाचा: जाहीर केलेला लोको बिघडला तर त्याच्या जागी दुसरा लावण्याचा हक्क आयोजकाकडे असतो, आणि केवळ लोको बदलला म्हणून पैसे परत मिळत नाहीत.